पुठ्ठ्याचं कोणार्क कोणी केलं?

प्राथमिक शाळेतल्या कलाप्रकल्पांवरचा वाद आपल्याकडे ठरावीक वेळी पेटतो. सहामाहीच्या आसपास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊ वाजता कुणीतरी विचारतं, ‘उद्या प्रोजेक्टला काय काय न्यायचंय?’ आणि तासाभरात दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, हे कात्री-फेव्हिकॉलचे उद्योग बंद करा. पोरांना धड वाचता येत नाही, पाढे येत नाहीत आणि तुम्ही मुखवटे कसले रंगवून घेताय? दुसरी म्हणते, कलेने सर्जनशीलता वाढते, उजवा मेंदू जागा होतो, गणितसुद्धा सुधारतं, शिवाय २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते लिहिलेलंच आहे. गंमत अशी की पहिली फळी कला समजून जे झोडपते, त्यात कला औषधालाही नसते. आणि दुसरी फळी कलेचा जो कैवार घेते, त्यातली कारणं तपासायला गेलं तर हातात काही उरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. पहिली ते पाचवीच्या वर्गात चित्र, मातीकाम, कातरकाम, नाट्य हे सगळं भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाच्या तासातच आलं पाहिजे. पण ते वर्गात, मुलाच्याच हातून आणि धडा चालू असताना. धडा संपल्यावरची सजावट म्हणून नको. आणि घरून करून आणायचा प्रकल्प तर सरसकट बंद व्हावा. कारण वर्गात काढलेलं चित्र मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते उघडं पाडतं, आणि घरून आलेला प्रकल्प नेमकं तेच झाकतो.

एक चांगली कल्पना कशी वाया जाते, ते सीबीएसईच्या उदाहरणात दिसतं. मंडळाने पहिली ते दहावीला कला-समावेशक प्रकल्प सक्तीचा केला आणि ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या केंद्राच्या उपक्रमातल्या जोडीदार राज्याच्या कलेशी तो जोडायला सांगितलं. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी. आता ओडिशाचं पट्टचित्र घ्या. त्याचा पट तयार करताना सुती कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, वाळवतात, मग दगडाने घासून गुळगुळीत करतात. जुनं धोतर, आजीकडून मागून आणलेले चिंचोके आणि फळ्याखालचे खडूचे तुकडे एवढ्या भांडवलावर चौथीचा वर्ग दोन-तीन दिवसांत असा पट करू शकतो. खळ पातळ झाली तर लेप तडकतो का, किती वाळल्यावर घासायचं, रंग पसरतो की धरतो, हे सगळं विज्ञानच आहे. ओडिशातल्याच कोणार्कच्या सूर्यमंदिरावरच्या चाकाला आठ मोठे आरे आहेत. गोल कागदाच्या तीन घड्या घातल्या की वर्तुळाचे आठ भाग होतात, आणखी एक घडी घातली की सोळा. अपूर्णांकांचा पाठ तिथेच सुरू होतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत काय झालं? रंगीत प्रिंटआउट निघाले, आईने पुठ्ठा कापला, बाबांनी ग्लू गन चालवली आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने ‘ओडिशा सेट’ विकायला ठेवला. मुलाच्या वाट्याला आलं ते स्वतःचं नाव लिहायचं लेबल.

राज्य मंडळाच्या शाळांनी नाक मुरडायचं कारण नाही. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या जोडीला ‘प्रकल्प’ बसला. हेतू असा होता, की लेखी परीक्षेत न दिसणारं मूलही दिसावं. पण नोंदवहीत दाखवायला सोपं काय? मूल काय बोललं ते टिपणं अवघड, त्याने आणलेली वस्तू कपाटावर ठेवणं सोपं. साहेब तपासणीला आले की वस्तू दिसते. मग हळूहळू वस्तूच शिक्षण झाली. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आली, पण शाळेच्या प्रकल्पांतला थर्माकोल आटायला तयार नाही, यावरून या वस्तूंचा दरारा लक्षात यावा.

मग कलेच्या कैवाऱ्यांनी याविरुद्ध बोलायला हवं होतं. ते बोलतात भलतंच. ‘कलेने मेंदू तल्लख होतो’ हे त्यांचं हुकमी पान आहे आणि ते खोटं पान आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध आला: मोत्झार्टचं संगीत ऐकल्यावर काही कॉलेज विद्यार्थ्यांची एका विशिष्ट प्रकारची अवकाशीय कोडी सोडवण्यातली कामगिरी काही मिनिटांपुरती सुधारली. त्यात लहान मुलं नव्हती आणि शाळाही नव्हती. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीत पोचवायची योजना आखली. पुढच्या संशोधकांच्या हाताला तो परिणाम नीट लागेना आणि मग सगळ्या संगीतशिक्षणाचीच टिंगल झाली. २००० मध्ये एलन विनर आणि लोइस हेटलँड या दोघी अमेरिकी संशोधकांनी उपलब्ध संशोधनाची मोठी छाननी केली. दोघीही कलाशिक्षणाच्या बाजूच्याच. निष्कर्ष असा निघाला, की वर्गातल्या नाट्याचा भाषिक कौशल्यांना फायदा होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे. चित्रकलेने वाचन किंवा गणित सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. त्या दोघींवर कलाप्रेमीच भडकले. मला मात्र त्यांनी कलेवर उपकार केले असं वाटतं. गणित सुधारण्यासाठी चित्र काढायचं असेल, तर सरळ गणितच का करू नये? या प्रश्नाला ‘उजवा मेंदू’वाल्यांकडे आजही उत्तर नाही.

दुसऱ्याच्या उपयोगावर बेतलेल्या विषयाचं पुढे काय होतं, याचा जुना दाखला आहे. १८७० मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी शाळांत रेखाचित्र सक्तीचं केलं. मागणी चित्रकारांची नव्हती, कारखानदारांची होती. त्यांना नकाशे काढणारे, नक्षी उतरवणारे कामगार हवे होते. इंग्लंडहून कलाशिक्षक वॉल्टर स्मिथ यांना बोलावलं गेलं आणि मुलं छापील नमुने बघून सरळ रेषा, वक्ररेषा, पानाफुलांच्या नक्ष्या गिरवू लागली. दीड दशक उलटायच्या आत स्मिथ यांची गच्छंती झाली आणि ती पद्धतही मागे पडली. त्याच इंग्रजी वळणाचा, म्हणजे लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशिक्षण पद्धतीचा वारसा १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेतून आपल्याकडेही झिरपला. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांतल्या स्थिरचित्र, संकल्पचित्र आणि भूमितीत त्याची सावली अजून आहे. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना कलेचा रस्ता दाखवला, हे खरंच. पण दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यावर त्या बऱ्याच जणांसाठी गुणांच्या शिडीची एक पायरी झाल्या, हेही तितकंच खरं.

तर मग कला वर्गात कशासाठी हवी? चौथीच्या वर्गात जलचक्र शिकवून झालं की वहीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘पाण्याचे बाष्पीभवन होऊन ढग तयार होतात.’ चाळीस वह्यांत तेच वाक्य, त्याच काना-मात्रांसह, कारण ते फळ्यावरून आलेलं असतं. बरोबरची खूण, पुढे चला. आता वह्या मिटायला लावा, मागच्या बाजूने कोरा असलेला कागद द्या आणि सांगा, समुद्रातलं पाणी वर कसं जातं ते काढा. एखादं मूल समुद्रापासून ढगापर्यंत सरळ पाइप काढतं. कुणी ढगाला पिशवीसारखं तळ देतं, कारण तळ नसेल तर पाणी गळणार नाही का? कुणी सूर्याच्या हातात बादली देतं. वहीतलं वाक्य बरोबर आणि डोक्यातलं चित्र हे असं! वाफ दिसत नाही, म्हणजे ती ‘नाही’ असं मुलाला वाटतंय, हे शिक्षकाला पाइप बघूनच कळतं. मग चहाच्या पातेल्यावर ताटली धरून दाखवता येते आणि दुसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा काढायला लावता येतं. पहिलं आणि दुसरं चित्र शेजारी ठेवा, मूल काय शिकलं ते समोर येतं. चाचणीतल्या गाळलेल्या जागेत ते कुठे दिसणार?

जास्वंदीचं फूल समोर ठेवून काढायला लावलं तरी असंच होतं. पहिल्या खेपेला मूल पाच गोल पाकळ्या आणि मध्ये एक ठिपका काढून मोकळं होतं. ते फूल त्याने बघून काढलेलंच नसतं. ‘मधून बाहेर काय आलंय?’ एवढं विचारलं की मान खाली जाते, डोळे बारीक होतात आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी ओरडतं, ‘बाई, याच्या टोकाला पाच गोळ्या आहेत!’ ते ओरडणं म्हणजे निरीक्षण. आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, वळसे घेत येणारी नदी, कौलारू झोपडी आणि नारळाचं झाड. बीडच्या माळावर राहणारं मूलही नारळच काढतं. दारातली बाभूळ त्याने रोज पाहिलेली असते, पण ती चित्रात घ्यायची वस्तू आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हे सगळं आपल्या मुलांना अनोळखी आहे का? दिवाळीतला किल्ला कुठल्या अभ्यासक्रमातून आला? दगड-विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वरून मातीचा गारा. पाणी जास्त झालं की बुरूज संध्याकाळपर्यंत बसतो. मग सकाळी माती घट्ट मळायची. मावळा उभा राहत नाही म्हणून वाटेचा चढ कमी करायचा. महाराज सिंहासनावर बसले की दरवाज्यापेक्षा मोठे दिसतात, यावर भांडण. वसुबारसेला हिरवळ हवी तर हळीव आधी कधी पेरायचे, याचा हिशेब. प्रमाण, उतार, पदार्थांचे गुणधर्म, अंकुरण, वाटाघाटी आणि इतिहास, सगळं एका अंगणात. गुण नाहीत, नोंद नाही. त्याच चौथीच्या वर्गात पूर्ण वर्षभर शिवचरित्र शिकवलं जातं. त्यात गडकोट पानोपानी आहेत आणि स्वाध्याय मात्र ‘रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा’. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले आले तेव्हा आपण हळहळलो. शाळेतल्या तयार प्रकल्पांवर का हळहळत नाही?

आता विरोधकांच्या सगळ्यांत भक्कम मुद्द्याकडे येऊ. ‘प्रथम’ संस्थेच्या शालेय पाहणीच्या ‘असर’ अहवालांनुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. ही आग आहे. घराला आग लागलेली असताना भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर चर्चा कसली, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. मी तर पुढे जाऊन म्हणते, की तिसरीत न वाचणाऱ्या मुलाला मुखवटा करायला देणं हा त्याच्याशी केलेला दगा आहे. त्याला रोज वाचनाचा सराव हवा, अक्षर-आवाजाची जोडी पक्की हवी आणि त्याला पर्याय नाही.

पण हा मुद्दा घरून आणायच्या प्रकल्पाला जेवढा लागू पडतो, तेवढा वर्गातल्या चित्राला पडत नाही. पहिलीतल्या मुलाला लिहिता येत नसतं, सांगायचं मात्र खूप असतं. ते चित्र काढतं: एक म्हैस, एक माणूस, बरंच पाणी. बाई विचारतात, हे काय? ‘आमची म्हस वढ्यात गेली.’ बाई तेच वाक्य, त्याच्याच बोलीत, चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहितात. मुलाने आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं असतं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या तरी कमळाचं किंवा गणपतचं नसतं. अशा चित्रांची दोरा घालून शिवलेली वही हे वर्गातलं पहिलं वाचनालय होऊ शकतं. यात वाचनाच्या तासातून काही वजा होत नाही. उलट ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही आणि ज्याच्या घरची बोली पाठ्यपुस्तकात नाही, त्याला आत यायला एक दार मिळतं.

शिक्षकांवरच्या ओझ्याचा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. द्विशिक्षकी शाळा, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, त्यात मतदारयाद्या, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज नवी लिंक. अशा माणसाला ‘आता कलेतून शिकवा’ म्हणून आणखी एक प्रशिक्षण लावणं म्हणजे मेल्याला मारणं. पण ओझं कशाचं होतं, ते नीट बघायला हवं. कोरा कागद वाटून ‘काढा’ म्हणायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो त्याचा फोटो काढून, नाव देऊन, मुदतीत अपलोड करण्यात. ते थांबवा. खरं तर बहुवर्ग शिक्षकाला चित्र काढणारा तिसरीचा वर्ग सोयीचा पडतो, कारण तेवढ्या वेळात पहिलीच्या वर्गाकडे बघता येतं.

साहित्याच्या खर्चाचं उत्तर तर आपल्याच मातीत दिलं गेलंय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं, माती हाताशी धरली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. गरिबी ही कलेची अडचण नाही, असं बोलायला सोपं आहे. या दोघींनी ते करून दाखवलं. त्याच डहाणू परिसरातल्या वारली चित्रांच्या नकला आज राज्यभरच्या शाळांच्या भिंतींवर आहेत, त्याही पेंटरने काढलेल्या.

कोणी म्हणेल, हे प्रयोग गांधीजींच्या काळातच झाले आणि फसले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली: हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा, बाकीचे विषय त्यातून. मग ती देशभर का रुजली नाही? कारणं अनेक. इंग्रजी शाळेची ओढ होती, सरकारी अनास्था होती, आणि ‘आमच्या मुलांनी पुन्हा हातानेच राबायचं का?’ हा वंचित समाजातून आलेला प्रश्नही होता. तो रास्तच होता. पण एक कारण आपल्या वादाशी थेट जोडलेलं आहे. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा, ही कल्पना त्या योजनेत होती, आणि जिथे उत्पादन मोजलं जातं तिथे शिकणं मागे सरतं. सेवाग्राममध्ये शांतिनिकेतनातून आलेले कलाशिक्षक देवी प्रसाद मुलांना मोकळेपणी चित्रं काढू देत होते. बाहेरच्या शाळांत मात्र पोचली ती सूत कातायची टकळी. किती सूत निघालं हे मोजता येत होतं, कताई करताना मूल काय विचार करतंय हे मोजता येत नव्हतं. आजच्या नोंदवहीला हवा असलेला थर्माकोलचा ज्वालामुखी हा त्याच सुताचा धाकटा भाऊ आहे.

उरतो तो कलाशिक्षकांचा आक्षेप, आणि मला तोच सगळ्यांत अवघड वाटतो. ते म्हणतात, ‘समावेशन’ हा आमच्या पोटावर पाय देण्याचा सभ्य मार्ग आहे. सगळ्याच विषयांत कला आहे असं म्हटलं, की कलेचा वेगळा तास नको आणि वेगळा शिक्षकही नको. शिवाय जलचक्रासाठी काढलेल्या चित्रात रंगाचा, रेषेचा आनंद कुठे? भीती खरी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशक आहेत, पण ते सहावी ते आठवीसाठी आणि तेही विद्यार्थ्यांचा पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या निकषांत फक्त पटावरून शिक्षकसंख्या आहे. कलेच्या माणसाचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्या वयात मूल बोलण्याइतक्याच सहज चित्र काढतं, त्या वयात शाळेत कलेचं कुणी नाही, आणि ‘मला नाही बाई चित्र येत’ असं ते म्हणायला लागलं, की निदेशक येणार, तोही पट भरला तर.

यावर वर्गशिक्षिकेने चित्र काढायला लावणं सोडून द्यावं, हा उपाय नाही. दोन्ही हवं. जलचक्राचं चित्र परिसर अभ्यासाच्या तासात, आणि नुसताच लाल रंग कागदभर पसरून बघणं कलेच्या तासात. त्यासाठी प्रत्येक शाळेला पूर्णवेळ पद मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्याकडे केंद्रशाळेची, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट एका शाळेला जोडण्याची रचना आहे. केंद्रातल्या शाळांमध्ये आळीपाळीने जाणारा एक फिरता कलाशिक्षक नेमणं अशक्य नाही. तो मुलांसोबत काम करेल आणि वर्गशिक्षिकेला एवढंच दाखवेल, की चित्र बघून ‘छान’ म्हणण्याऐवजी ‘हे इथे का काढलंस?’ असं कसं विचारायचं. पैसे नाहीत म्हणाल, तर ‘बोलक्या भिंतीं’वर होणाऱ्या खर्चाकडे बघा. गावोगावी अनुदानातून, लोकवर्गणीतून पेंटर लावून शाळा रंगवल्या जातात, आणि रंग सुकल्यावर मुलांना पहिली सूचना मिळते ती भिंतीला हात न लावण्याची. पुढच्या वर्षी तेवढाच निधी त्या फिरत्या शिक्षकाच्या मानधनाला आणि कागद-रंगांना द्या, आणि एक भिंत, मुलांचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, नुसता चुना मारून सोडा.